तोंडात टाचण्या

आत्याच्या डब्यात तीन गोळे होते. एक हिरवा, एक पांढरा, एक तपकिरी. आइस्क्रीमच्या चमच्यानं काढल्यासारखे गोल, गुळगुळीत आणि एकमेकांना न शिवणारे.

"हे काय आहे?" आत्यानं विचारलं.

"दुपारचं जेवण," गाडीवाला म्हणाला. ज्येष्ठ आहार सेवेची गाडी तोच चालवायचा आणि डबेही तोच दारात पोचवायचा. पन्नाशीचा माणूस, बोलणं मोजकं.

"जेवण आहे ते कळलं. पण मुळात काय होतं ते? गेलेल्याचं नाव तरी सांग."

"हिरवा, पांढरा, तपकिरी. गाडीत आम्ही रंगानंच ओळखतो."

"आणि शेजारी बँडमास्तरांना दिलंस ते?"

"त्यांचं बिनमिठाचं. पण सगळं अख्खं. ते पहिल्या श्रेणीत आहेत. तुम्ही चौथ्या."

"चौथीत मला बसवलं कुणी?"

"ते ऑफिसला विचारा. मी फक्त इयत्तेप्रमाणे वाटतो," असं म्हणून तो जिना उतरला.

मी तिथंच होतो. आमच्या घरात कुणाचं काही बिघडलं की अर्ज-विनंत्यांसाठी मला बोलावतात. मला कॉलेजात शिकवल्याचा घराण्याला झालेला हा एकमेव फायदा.

आत्या शिंपीण. ऐंशी पार केली तरी तोंडातला एक दात हललेला नाही, आणि हे ती ज्यांचे हलले आहेत त्यांना मुद्दाम सांगते. कात्री मांडीवर असली तरी दोरा दातानंच तोडणार. 'कट्' असा आवाज होतो. आमचं सगळ्यांचं बालपण त्या आवाजात शिवलं गेलं. मागच्या महिन्यात वरच्या फळीवरचं कापड काढताना ती स्टुलावरून पडली आणि डाव्या मनगटाचं हाड मोडलं. कोपरापासून बोटांच्या मुळापर्यंत प्लास्टर. डॉक्टरांनी भांडी उचलायला बंदी केली. शिवणाबद्दल डॉक्टर काही बोलले नाहीत, कारण आत्यानं त्यांना त्याबद्दल विचारलंच नाही.

आहार सेवा हवी हे तिनंच ठरवलं. आम्ही जरा चपापलो. आमची कल्पना अशी की आत्यासारखी बाई म्हणणार, मला कुणाचं नको, एका हातानं करीन. आत्या म्हणाली, "का करीन? जन्मभर दुसऱ्यांना वाढलं. आता कुणीतरी रांधून माझ्या दारात आणून देतंय, तर मी नाही म्हणू? मला काय वेड लागलंय?"

त्यापूर्वी घरी तपासणी होते. लाभार्थीला काय खाता येतं, काय झेपत नाही हे बघायला आहारतज्ज्ञ येते. त्या तपासणीत काय झालं ते मला बँडमास्तरांकडून कळलं. ते त्या वेळी खोलीच्या मधोमध स्टुलावर उभे होते. आयुष्यभर लग्नांत ट्रम्पेट वाजवून निवृत्त झालेला हा माणूस. त्यांच्या नव्या पँटची लांबी आत्या आखत होती.

आता, शिंप्याच्या डाव्या मनगटाला टाचण्यांची उशी बांधलेली असते. उजव्या हातानं तिथून एकेक टाचणी काढायची आणि खोचायची. आत्याच्या डाव्या मनगटाला प्लास्टर होतं. उशी बसेना. मग टाचण्या ठेवायच्या कुठं? तोंडात. ओठांत घट्ट धरलेल्या, डोकी बाहेर, टोकं आत.

तेवढ्यात आहारतज्ज्ञ आली. तरुण, मऊ आवाजाची, हातात टॅब. खाली बसलेल्या आत्याजवळ वाकून म्हणाली, "आजी, जेवण जातं का नीट?"

"उं," आत्या म्हणाली.

"घोटभर पाणी घेता?"

आत्यानं मान हलवली. तोंडात टाचण्या असताना पाणी कोण पितं?

"बरं, हे बिस्किट? छोटासा तुकडा?"

आत्यानं तोंडाकडे बोट दाखवलं आणि हात नकारार्थी हलवला. एवढा वेळ ओठ आवळून धरल्यावर कोपऱ्यातून थोडी लाळ आली. ती तिनं खांद्याला पुसली. पोरीचा चेहरा कळवळला. तिनं टॅबवर नोंद केली, आत्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढच्या घरी गेली.

"मग तुम्ही का नाही बोललात?" मी बँडमास्तरांना विचारलं. "तुमच्या तोंडात तर काही नव्हतं."

"तुझ्या आत्यानं सांगितलं होतं, हलायचं नाही, बोलायचं नाही. बोललं की पोट हलतं आणि पोट हललं की पँट आखूड होते. मला तिची जास्त भीती वाटते."

अशा रीतीनं, घोड्याचे हरभरे खुंटीसकट फोडून खाईल अशी बाई कागदोपत्री दंतहीन, मुकी आणि गिळण्यास असमर्थ झाली.

मी ऑफिसला फोन लावून आत्याच्या हातात दिला.

"मला चावता येतं," आत्या म्हणाली. "चूक झालीय. दुरुस्त करा."

"आपण कोण बोलताय?"

"जिला चावता येत नाही म्हणताय, ती मीच."

पलीकडे कीबोर्डचा खडखडाट. "लाभार्थीला बोलता येत नाही, अशी नोंद आहे."

"मग आत्ता काय करतेय मी?"

"ते आम्हाला पडताळता येणार नाही. नातेवाइकांना फोन द्या."

आत्यानं फोन माझ्याकडे असा दिला, जसा उसवलेला कोट गिऱ्हाइकाला परत देतात. मी सांगितलं की ही माझी आत्या आहे, तिला बोलता येतं, चावता येतं, आणि दुसऱ्याचं मन दुखावता येतं. बाई म्हणाल्या, फेरतपासणी होईल पण रांग मोठी आहे, आणि चौथ्या श्रेणीवाले रांगेत मागे असतात.

"मागे का?"

"त्यांच्यात सहसा सुधारणा होत नाही ना."

दुसऱ्या दिवशी आत्यानं डबा न उघडता परत पाठवला. संध्याकाळी मला संदेश आला, कारण नातेवाईक म्हणून आता माझा नंबर त्यांच्याकडे होता : 'लाभार्थीची भूक मंदावली आहे. लक्ष ठेवावे.' तिसऱ्या दिवशी आत्यानं विचार केला, परत पाठवणं घातक, तर ठेवून घ्यावं. पांढरा गोळा बटाट्याचा निघाला. तिनं बोटानं चोळून पाहिला आणि त्याची उत्तम खळ होते असा शोध लावला. कापडावर ठेवून बेतायचे तिचे जुने कागदी नमुने फाटले होते. ते सगळे तिनं दुपारच्या जेवणानं चिकटवले. हिरवा आणि तपकिरी गोळा कुंडीत गेला. स्वतः ती बँडमास्तरांबरोबर त्यांचा बिनमिठाचा डबा अर्धा अर्धा जेवली. आपला डबा धुऊन, पुसून, लखलखीत परत केला. संध्याकाळी संदेश : 'लाभार्थीस चौथ्या श्रेणीचा आहार उत्तम मानवतो आहे. हाच कायम ठेवावा.'

"म्हणजे नाही खाल्लं तरी मी आजारी, आणि खाल्लं तरी आजारीच," आत्या म्हणाली.

"तोंड दाबून बुक्क्यांचा मार," बँडमास्तर म्हणाले.

"तोंड मी दाबलं नव्हतं. टाचण्या होत्या."

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण चौथ्या श्रेणीचं आणखी एक कलम होतं. ज्याला गिळता येत नाही त्याला एकटं राहू देणं सेवेच्या दृष्टीनं धोक्याचं. तेव्हा अशा लाभार्थीला महिनाअखेर 'देखरेख निवासा'त हलवायचं. तिथं प्रत्येक घासाला शेजारी एक माणूस बसतो. निवासात शिवणयंत्राला परवानगी नाही, सुई टोचू शकते म्हणून. हे पत्र आत्याला आलं नाही. मुकी बाई पत्र काय वाचणार? ते गेलं तिच्या मुलीला. ती दुसऱ्या शहरात राहते. मी तिला ताई म्हणतो.

ताईचा फोन मला. रडतच. "आईला गिळता येत नाही आणि तू मला सांगितलंही नाहीस?"

"ताई, तिला सगळं गिळता येतं. परवा माझा अपमान करून वर पेरू खाल्ला तिनं."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस. सरकारी शिक्का आहे पत्रावर. मी रजा काढलीय. सामान आवरायला येते."

आत्या समोरच होती. मी फोन तिच्याकडे दिला. "मी ठणठणीत आहे," ती म्हणाली. ताई आणखीच रडली. आईनं तिला आयुष्यभर हेच सांगितलं होतं, विशेषतः आजारी असताना.

आत्यानं फोन ठेवला. यंत्रावर झाकण घातलं. मग झाकण काढलं. एवढी अस्वस्थ मी तिला कधी पाहिली नव्हती.

"या यंत्रावर मी हिचं शिक्षण केलं," ती म्हणाली. "आणि ही येऊन याला फडक्यात गुंडाळणार? चल, मी येते ऑफिसात."

"फोन करून वेळ घेऊ या ना आधी."

"फोनवर मी मुकी आहे. तू उद्या गाजरं आण. जाड बघून आण. बारकी कोवळी नकोत मला, नवरीसारखी."

आहार सेवेच्या ऑफिसात शिरलं की समोर भिंतभर चित्र आहे. पांढऱ्या केसांच्या एक बाई लालबुंद सफरचंदाचा चावा घेऊन हसताहेत. खाली लिहिलंय, 'उत्तम पोषण, आनंदी वार्धक्य.' आत्या नेमकी त्याच्याखालच्या बाकावर बसली. शेजारी बँडमास्तर, नव्या पँटमध्ये, खिशात भाजलेले शेंगदाणे. मी थोडा लांब, अनोळखी असल्यासारखा. आत्यानं गाजर काढलं आणि चावलं. त्या शांत, गुळगुळीत फरशीच्या दालनात तो आवाज असा गेला, की काऊंटरवरच्या बाईंनी छताकडे पाहिलं.

दारावरचा रखवालदार आला. "मावशी, इथं खायला मनाई आहे."

आत्यानं चित्रातल्या बाईकडे बोट केलं. "तिला आधी सांग. ती माझ्याआधीपासून खातेय."

"उपोषणाला बसलाय का तुम्ही? त्यासाठी वेगळी परवानगी लागते."

"उपोषण नाही रे बाबा. उपाशी बसलं की तुम्ही लगेच सलाइनची बाटली लावता. मी जेवायला बसलेय. जेवायला बसायला परवानगी लागते का, विचारून ये आत."

तो विचारून आला. आत कुणालाच माहीत नव्हतं. न खाण्याबद्दल नियमांची मोठी फाइल होती, खाण्याबद्दल एकही नियम नव्हता. संचालकसाहेब मीटिंगमध्ये होते. जेवणाची वेळ संपली तशी आत्या गाजराचा देठ पिशवीत घालून उठली. "उद्या येते," तिनं काऊंटरला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी एक उंच गृहस्थ आधीच बाकावर येऊन बसले होते. गाडीवाल्याकडून त्यांना खबर लागलेली. तेही चौथीतले. त्यांच्या तपासणीत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांच्या सूनबाई देत होत्या, म्हणून त्यांनी तोंडच उघडलं नव्हतं. "चार दिवसांत मला तिच्या बोलण्याची किंमत कळली," ते म्हणाले आणि खिशातून कडक टोस्ट काढला. तिघं चावत बसले. काऊंटरवरच्या बाई फोनवर म्हणत होत्या, "काय म्हणालात? जरा मोठ्यानं बोला. नाही नाही, इथं काम नाही चालू, जेवण चालू आहे."

तिसऱ्या दिवशी मी आत्याला म्हटलं, "पुरे आता. महिनाअखेर आली. ताई परवा येतेय. तू एकदा त्यांच्या पाया पडल्यासारखं कर, मी अर्ज लिहितो, 'कृपया विनंती की'..."

"विनंती कसली? दात माझे, ते बसलेत माझ्याच तोंडात, आणि विनंती मी करू? तुला कॉलेजात घालून दादानं पैसे वाया घालवले."

तेवढ्यात आतल्या दारातून ती आहारतज्ज्ञ पोरगी बाहेर आली. हातात डबा, जेवायला निघालेली. तिच्या पँटची तळची शिवण उसवली होती. दोन्ही पायांची. कापड चपलेखाली येत होतं आणि ती ते प्रत्येक पावलाला झटकत होती. आत्याचं चावणं थांबलं. मी तिला ओळखतो. गल्लीत पेटलेलं घर दिसलं तरी आत्या आधी बघेल की धावणाऱ्याच्या सदऱ्याला बटण आहे का.

"ए पोरी, इकडे ये. पडशील अशानं. चढ त्या खुर्चीवर."

"नको आजी, असू दे..."

"आजी नाही, शिंपीण आहे मी. चढ."

पोरगी चढली. आत्यापुढे असं होतं सगळ्यांचं. तिनं मला पिशवीतून टाचण्यांची डबी काढायला लावली, "कापड धर" म्हणाली, टाचण्या ओठांत खोचल्या आणि फरशीवर बसकण मारली. प्लास्टरच्या टोकाला डोकावणाऱ्या बोटांनी घडी दाबायची, उजव्या हातानं टाचायचं.

आणि त्याच वेळी मीटिंग संपली. संचालकसाहेब बाहेर आले. तीन दिवस ज्यांच्याबद्दल ऐकत होते त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. सुटाबुटात, वाकून, मऊ आवाजात म्हणाले, "आजी, काय त्रास आहे? आम्हाला सांगा."

"उं," आत्या म्हणाली.

"पाणी आणू का? घोटभर?"

आत्यानं मान हलवली.

"काही खाल? काऊंटरवर बिस्किटं आहेत."

आत्यानं तोंडाकडे बोट दाखवलं आणि हात हलवला. ओठांच्या कोपऱ्यातून थोडी लाळ आली. ती तिनं खांद्याला पुसली.

साहेब सरळ झाले आणि माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "बघा. बोलता येत नाही, पाणी नको, बिस्किट नको, लाळ गळतेय. आमची नोंद अगदी अचूक आहे. यांना इथवर आणायलाच नको होतं तुम्ही."

खुर्चीवर उभी असलेली पोरगी हे सगळं वरून बघत होती. तिचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "सर," ती म्हणाली, "त्यांच्या तोंडात टाचण्या आहेत."

"काय?"

"टाचण्या. त्या दिवशीही होत्या. मी वाकून पाहिलं, पण ओठ पाहिलेच नाहीत. वही... म्हणजे टॅबकडे बघत होते."

आत्यानं सावकाश सुईत दोरा ओवला, चार टाके घातले, गाठ मारली. मग एकेक टाचणी तोंडातून काढून माझ्या शर्टाच्या खिशावर खोचली. शेवटची काढल्यावर वाकून दोरा दातात धरला. कट्.

"आता विचारा काय विचारायचं ते," ती साहेबांना म्हणाली.

उंच गृहस्थ टाळ्या वाजवायच्या बेतात होते, पण हातात टोस्ट होता. बँडमास्तरांनी तोंडानंच ट्रम्पेटचे दोन सूर काढले.

साहेब अनुभवी माणूस. त्यांनी लगेच घड्याळ पाहिलं. "उत्तम. मग आत्ताच फेरतपासणी करून टाकू. रांग बाजूला ठेवतो. बिस्किट आणा, पाणी आणा."

बिस्किट आलं. पावसाळाभर उघडं राहिल्यासारखं सादळलेलं. बशीत ते वाकलं.

"नाही खाणार," आत्या म्हणाली.

माझ्या पोटात गोळा आला. तपकिरी. "आत्या, एक बिस्किट! एक तुकडा खा आणि मोकळी हो. यंत्र वाचेल, घर वाचेल..."

"तू गप बस, खिशावर टाचण्या आहेत, टोचतील." मग साहेबांकडे वळून, "मी परीक्षेत नापास झालेच नव्हते. तपासणाऱ्याचं चुकलं. मग पुन्हा परीक्षेला मी का बसू? ज्यानं चूक लिहिली त्यानं ती खोडावी. तीन दिवस तुमच्या दारात गाजरं खातेय. पाडा ही भिंत, आवाज तिच्यात मुरला असेल."

"तपासणी नाकारली, तर नियमानं श्रेणी चार," साहेब म्हणाले. पण हे ते काऊंटरकडे बघून म्हणाले, तिथे चार लोक थांबून ऐकत होते. साहेबांची अवस्था धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी झाली होती, आणि चावतं हे आता सिद्ध झालेलं होतं.

पोरगी खुर्चीवरून उतरली. एक पाय शिवलेला, एक उसवलेला. "सर, नोंद मी केली, खोडते पण मीच."

"कारणाच्या रकान्यात काय टाकणार? तिथं तीनच पर्याय आहेत. उपचाराने सुधारणा, शस्त्रक्रिया, मृत्यू."

"'इतर' आहे खाली. तोंडात टाचण्या होत्या, असं लिहिते."

"वर काय म्हणतील?"

"विचारतील बहुतेक, की आम्ही बघत का नव्हतो," ती म्हणाली आणि टॅबवर बोट फिरवायला लागली. साहेबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. मग त्यांना दुसरी मीटिंग आठवली.

मला वाटलं, झालं. मी पिशवी उचलली. आत्या उठेना.

"यांचं काय?" तिनं उंच गृहस्थांकडे मान केली. "आणि बाकीच्या चौथीचं? गाडीवाला म्हणतो, अर्धा वर्ग दातवाला आहे."

"मी पुन्हा जाते सगळ्यांकडे," पोरगी म्हणाली. "खरंच जाते."

"जा. मग तुझा दुसरा पाय शिवून देते."

"अहो, असा एकच पाय वर घेऊन मी घरोघरी फिरू?"

"फिर. लक्षात राहील."

पोरगी फिरली. गाडीवाल्यानं सांगितलं, कारण त्यानंच तिला गाडीतून नेलं. प्रत्येक घरी ती आधी म्हणायची, 'तोंडात काही असेल तर काढा', मग म्हणायची, 'बाकीच्यांनी गप्प बसा', आणि मग वाट बघायची. कुणाकुणाला खरंच चौथीच हवी होती. त्यांना ती मिळाली, निदान गोळा कशाचा ते सांगून. सगळं संपल्यावर ती आत्याकडे येऊन स्टुलावर उभी राहिली आणि दुसरा पाय शिवून गेली.

ताई यायची होती त्या दिवशी सकाळी आत्याचा नवा डबा आला. वरून गाडीवाल्याला हुकूम होता म्हणे, की या बाईंना चावता येईल असंच द्या, पुन्हा तक्रार नको. डब्यात एक अख्खं गाजर, पाव जातीचा एक दगड, आणि अर्धंकच्चं काहीतरी, जे शिजवायला आचारी बहुतेक घाबरला होता.

"हे सूड घेतायत," मी म्हटलं. "राहू दे, परत पाठवू."

"परत पाठवलं की भूक मंदावली," आत्या म्हणाली. तिनं खिडकी सताड उघडली, यंत्रासमोर बसली आणि ताईला फोन लावला. नोंद खोडल्याचं मी ताईला कळवलं होतं, पण तिचा विश्वास बसला नव्हता; ती वाटेतच होती.

"आई? आई, बरी आहेस ना? मी खोकी घेऊनच निघालेय. बोल ना काहीतरी."

आत्यानं फोन गालाशी धरला आणि गाजर चावलं. मग पुन्हा. खाली रस्त्यावरचा एक माणूस वर बघून गेला.

"आई, हे काय फुटतंय?"

"मी गिळतेय," आत्या म्हणाली. "खोकी आण. कापडं ठेवायला लागतातच मला."

तिनं पाव संपवला. तो कसा, ते मला विचारू नका. अर्धंकच्चंही संपवलं. दात कोरून झाल्यावर ऑफिसचा नंबर तिनं स्वतःच फिरवला.

"हो, मीच बोलतेय. हो, बोलता येतं. ते झालं तुमचं. आता बँडमास्तरांच्या मिठाचं बोलू."